स्टेरॉईडने मेमरी जाते का? ("दादा, मला तर काहीच जाणवत नाही")

ट्रेनबोलोन नावाच्या स्टेरॉईडवरचा मागचा व्हिडिओ टाकला ना, त्याच्याखाली एकच प्रश्न पन्नास वेळा आलाय, प्रत्येकाचं स्पेलिंग वेगळं. "दादा, स्टेरॉईडने मेमरी जाते का?" आणि त्याच्याच खाली एका भावाचं उत्तर: "तीन वर्षं घेतोय, मला तर काहीच जाणवत नाही." बरं त्या उत्तराला लाईक किती, तर प्रश्नापेक्षा जास्त. म्हणून आजचा व्हिडिओ प्रश्नावर कमी आणि त्या उत्तरावर जास्त आहे.

आधी पटापट उरकतो. मी स्टेरॉईड म्हणतोय म्हणजे टेस्टो, डेका, डायनाबॉल, ट्रेन, ही सगळी टेस्टोस्टेरॉनची, म्हणजे पुरुषी हार्मोनची, भावकी. दम्याच्या पंपात असतं ते वेगळं, सूज कमी करायच्या गोळ्यांमध्ये असतं तेही वेगळं. हे सांगायची वेळ का आली, तर एका ताईंनी लिहिलंय की माझा व्हिडिओ बघून त्यांनी सासूबाईंचा पंप बंद केला. अहो ताई! पाया पडतो, आजच्या आज डॉक्टरांना फोन करा. नाव सारखं म्हणून माणूस तोच होतो का? आमच्या चाळीत तीन प्रकाश होते, एकाची उधारी दुसऱ्याकडे कोणी मागितली नाही कधी. आणि व्हे प्रोटीन म्हणजे स्टेरॉईड नाही, क्रिएटिन पण नाही, हे मी आता नव्यांदा सांगतोय, दहाव्यांदा सांगणार नाही.

डोस. पुरुषाचं शरीर दिवसाला साधारण ५ मिलीग्रॅमच्या आसपास टेस्टोस्टेरॉन स्वतः बनवतं, म्हणजे आठवड्याला धरा ३५. जिममध्ये जो "नुसती हलकी सायकल चालू आहे" म्हणतो ना (सायकल म्हणजे काही आठवडे स्टेरॉईड घ्यायचं, मग थांबायचं), त्याचा आठवड्याचा आकडा ५०० असतो, आणि जुन्या खेळाडूंचा हजाराच्या पुढे जातो. आता हे रक्तात गेल्यावर रक्ताला काय माहीत तुम्हाला फक्त बायसेप्स पाहिजेत? मेंदूतही या हार्मोनचे रिसेप्टर आहेत, म्हणजे हार्मोन जिथे जाऊन चिकटतो आणि काम करतो त्या जागा. हिप्पोकॅम्पसमध्ये आहेत, जिथे आठवणी बनतात, अमिग्डालात आहेत, जिथे राग-भीती चालते. माल तिथेही पोचतोच.

आता मुख्य मुद्दा. (टेबलावरचे डबे पुढे ओढतो.)

हे आईचे मसाल्याचे डबे. सहा. सगळे सारखे, स्टीलचे, झाकणावर नाव नाही. मी एकेक उघडून दाखवतो. हळद. जिरे. हा ओवा. हा रिकामा. धणे. मेथी. झाकणं लावली. आता मला सांगा ओवा कुठे होता? नाही नाही, व्हिडिओ मागे नेऊ नका. तिसरा म्हणालात? बरोबर. आणि मेथी? मी सकाळी रिहर्सल केली तेव्हा स्वतः मेथीला धणे म्हटलं, आणि मी तर कॉफी सोडून आयुष्यात काही घेतलेलं नाही, त्यामुळे तुमचं चुकलं तर लगेच घाबरून मला मेसेज करू नका.

हा खेळ मी उगाच नाही मांडला. साधारण अशीच एक टेस्ट संशोधनात वापरतात. स्क्रीनवर चौकोन असतात, एकेक उघडतो, काहींच्या आत एखादी नक्षी दिसते, मग बंद होतात, आणि नंतर ती नक्षी मध्ये दाखवून विचारतात की ही कुठल्या चौकोनात होती. अमेरिकेत हार्वर्डशी जोडलेल्या संशोधकांनी २०१३ मध्ये एक पेपर छापला. बरीच वर्षं स्टेरॉईड घेतलेले ३१ जण, आणि अजिबात न घेतलेले पण वजनं मारणारे १३ जण, वय २९ ते ५५. रिॲक्शनचा वेग बघितला, खास फरक नाही. लक्ष टिकतं का बघितलं, खास फरक नाही. शब्द लक्षात राहतात का, तिथेही नाही. पण कुठली आकृती बघितली होती, कुठली कुठे होती, या बघून लक्षात ठेवायच्या परीक्षेत स्टेरॉईडवाले स्पष्ट मागे पडले. आणि ज्याचा आयुष्यभराचा एकूण डोस जास्त, त्याचे मार्क साधारण कमी.

आता परत त्या भावाच्या कमेंटवर या. "मला काहीच जाणवत नाही." बरोबरच आहे रे! तू तपासतोस कसं? गप्पा मारता येतात, नावं आठवतात, कुठल्या आठवड्यात किती एमजी घेतलं ते तोंडपाठ आहे. म्हणजे तू शब्दांची मेमरी तपासतोयस, आणि त्या अभ्यासात शब्दांच्या मेमरीला काही झालेलंच नव्हतं. घराच्या पुढच्या दाराला कुलूप आहे का बघून आलास आणि म्हणतोस मागचं दार बंद आहे.

नाही पटलं? दुसऱ्या बाजूने सांगतो. १८८९, पॅरिस. ब्राउन-सेकार नावाचे शास्त्रज्ञ, साधेसुधे नाहीत, मज्जासंस्थेवर काम केलेला मोठा माणूस, वय ७२. या आजोबांनी कुत्र्याच्या आणि गिनीपिगच्या वृषणांचा अर्क काढला, पाण्यात मिसळला आणि स्वतःला टोचून घेतला. आणि भर सभेत जाऊन सांगितलं की ताकद परत आली, डोकं पूर्वीसारखं चालायला लागलं, बसून जास्त वेळ काम होतं. गंमत अशी की टेस्टोस्टेरॉन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. म्हणजे त्या सुईत कामाचं असं काही नव्हतंच! तरी त्यांना जाणवलं. एवढ्या हुशार माणसाला नसलेली गोष्ट जाणवू शकते, तर असलेली गोष्ट न जाणवणं काय अवघड आहे?

आता तिसरी बाजू, आणि ही माझ्या घरातली म्हणा, जिममधली म्हणा. माझा जुना ट्रेनिंग पार्टनर, नाव नाही घेणार, तो हा व्हिडिओ बघतो. आम्ही सात वर्षं एकत्र वजनं मारली. तो जिल्ह्याच्या स्पर्धेला उतरायचा, मी त्याचा जेवणाचा डबा आणि टॅनचा, म्हणजे स्टेजवर अंगाला फासायच्या रंगाचा, डबा दोन्ही सांभाळायचो. एकदा बेंचवर प्लेटा तो लावत होता. डावीकडे २० आणि १०. उजवीकडे गेला, २० लावली, थांबला. परत डावीकडे आला, बघितलं. परत उजवीकडे. मग हसत मला म्हणाला, "तिकडे काय लावलंय रे?" आत्ताच बघून आला होता. मी पण हसलो. पुढच्या दोन महिन्यांत हे इतक्या वेळा झालं की आमच्यात तो जोकच झाला, "तिकडे काय लावलंय." त्याला विचारा, तो म्हणेल एकदाच झालं होतं.

आता लगेच "बघा, स्टेरॉईडने झालं" असं लिहू नका, मी तसं म्हणत नाहीये. त्याचं तेव्हा कटिंग, म्हणजे स्पर्धेआधी चरबी उतरवणं, चालू होतं, भात बंद, चपाती बंद, स्टेजच्या आधी पाणी पण मोजून, त्यात रात्री झोप नाही. त्या अवस्थेत तर नॅचरल, म्हणजे स्टेरॉईड न घेणाऱ्या, माणसालाही स्वतःच्या गाडीचा नंबर आठवत नाही. माझा मुद्दा एवढाच की ते मला दिसलं, त्याला नाही. सावकाश येणारी गोष्ट ज्याच्यात येते त्याला शेवटी कळते. आणि ज्या मेंदूची तपासणी करायची, तपासणीलाही तोच बसलाय. कुस्ती खेळणारा पण तोच आणि पंच पण तोच!

"हे सगळं अमेरिकेतलं, तेही ३१ पोरांवर." ठीक आहे, नॉर्वेला चला. ओस्लोच्या टीमचा २०१७ चा अभ्यास, स्टेरॉईड घेणारे किंवा आधी घेतलेले ८२ जण, न घेणारे ६८ जण, आणि ते ६८ पण जड वजनं मारणारेच, सोफ्यावर बसणारे नाहीत. सगळ्यांचे एमआरआय काढले. घेणाऱ्यांच्या मेंदूची बाहेरची साल, कॉर्टेक्स म्हणतात ती, बऱ्याच भागांत पातळ दिसली. बाकीच्या नशा करणारे बाजूला काढून बघितलं तरी फरक राहिला.

एक प्रामाणिक गोष्ट सांगायला पाहिजे, नाहीतर तुमच्यातलाच एखादा फार्मसीचा पोरगा मला धुवेल. हे अभ्यास एका वेळचा फोटो आहेत. स्टेरॉईडने मेंदू तसा झाला, की तशा मेंदूची माणसं स्टेरॉईडकडे वळतात, हे एका फोटोतून ठरत नाही. शंभर पोरांना दहा वर्षं मुद्दाम हजार एमजी देऊन बघायची परवानगी कोणी देणार नाही, द्यायलाही नको. पण उंदरांना नँड्रोलोन, म्हणजे आपलं डेका, देऊन पाण्याच्या टाकीत सोडलंय. पाण्याखाली लपवलेला पाट शोधायचा, जागा लक्षात ठेवायची. तिथेही काही प्रयोगांत डेकावाले उंदीर जागा शिकण्यात मागे पडले. परत तेच, जागेची मेमरी. आणि उंदीर काही आधीपासून महाराष्ट्र श्री व्हायचं म्हणून डेकाकडे वळत नाही.

अजून एक कमेंट, ही मला खरंच आवडली: "सायकलवर असताना डोकं मस्त चालतं, बंद केली की बंद पडतं, मग स्टेरॉईड डोक्याला चांगलंच ना?" हुशार आहेस, पण उलटं वाचतोयस. बाहेरून माल आला की मेंदूतून वृषणांना जाणारी ऑर्डर थांबते, कारखाना बंद. सुई थांबवली की बाहेरचं पण नाही आणि आतलं पण नाही, परत सुरू व्हायला काही महिने, काहींना त्याहून जास्त. त्या काळात मन बसतं, झोप जाते, लक्ष लागत नाही, काहींच्या डोक्यात नको ते विचार येतात. तो खड्डा त्या सायकलनेच खणलेला आहे. आणि सायकलवर जे मस्त वाटतं ना, तो कॉन्फिडन्स. कॉन्फिडन्स वेगळा, ओव्याचा डबा कुठला ते आठवणं वेगळं.

टीआरटीवाले, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याने टेस्टोस्टेरॉन घेणारे, काका लोक, तुम्ही शांत रहा. रक्त तपासून, कमी निघालं म्हणून डॉक्टर नॉर्मलपर्यंत आणून ठेवतात, तो डोस आणि हा डोस एका पंगतीत बसत नाही.

आणि जे आत्ता सायकलवर आहेत: घाबरून आज रात्री एकदम सगळं बंद करू नका, त्या खड्ड्याचं आत्ताच बोललो. हार्मोनचा डॉक्टर, एंडोक्रिनोलॉजिस्ट, त्याच्याकडे जा आणि खरं सांगा. जिमच्या काउंटरवर बसलेला तुमचा डॉक्टर नाही, त्याला कमिशन आहे. बीपी बघा, रक्त किती घट्ट झालंय ते बघा, कोलेस्टेरॉल बघा, घोरता का ते बायकोला विचारा, कारण हे सगळं शेवटी मेंदूलाच जाऊन लागतं. आणि मेमरीचं स्वतःला विचारू नका. जो रोज तुमच्याबरोबर असतो त्याला विचारा, आणि त्याने सांगितल्यावर त्याच्यावर चिडू नका.

"तू स्वतः तर हँगरवर टांगलेल्या शर्टासारखा दिसतोस, जळतोस आमच्यावर," हे लिहिणाऱ्या भावाला पिन करतोय. थोडा जळतो, हो.

चला, आत आई हाक मारतेय, तिला फोडणीला जिरे पाहिजेत. एक मिनिट आई... दुसरा. नाही, थांब, हे डबे मी हलवलेत.