‘वेठीस धरणे’ आणि इतर क्रियापदं

पत्रिकेवर विषय छापलाय, ‘माणसांना अंकित करणारी क्रियापदं’. त्यावर मी बोलणारच आहे. जिंकणे, नमवणे, वाकवणे, मांडलिक करणे, जेरीस आणणे, गुलाम करणे... शाळेत समानार्थी शब्द म्हणून ही सगळी एका ओळीत बसवतात. ती एका ओळीत बसत नाहीत, एवढंच मला सांगायचंय. पण आधी एका क्रियापदाबद्दल बोलू द्या. कितीतरी वर्षं ते माझ्या मनात रुतून बसलंय. ‘वेठीस धरणे’.

उमेदीची वर्षं मी एका दैनिकात मुद्रितशोधक म्हणून काढली. सगळी रात्रपाळी. एकदा सफाई कामगारांचा संप चालू होता आणि पहिल्या पानाचं प्रूफ माझ्यापुढे आलं. मथळा होता, ‘संपकऱ्यांनी शहराला वेठीस धरले’. व्याकरण बिनचूक, ऱ्हस्व-दीर्घ बिनचूक. मी ‘वेठीस धरले’भोवती लाल शाईने गोल केला आणि समासात लिहिलं, ‘अर्थ तपासावा’. रात्रपाळीचे उपसंपादक म्हणाले, “अहो, शब्द रूढ आहे, जाऊ द्या.” पान सोडायची वेळ झाली होती. मी जाऊ दिलं. ते मला आजही टोचतं.

का टोचतं? वेठ म्हणजे सक्तीचं, फुकटचं काम. संस्कृत ‘विष्टि’पासून हा शब्द आला आणि विष्टी कौटिल्याच्या अर्थशास्त्रातसुद्धा आहे, इतकी ही गोष्ट जुनी. अंमलदाराचं सामान पुढच्या गावापर्यंत पोचवायचंय, तर वाटेत दिसेल त्याला धरायचं आणि त्याच्या डोक्यावर ओझं द्यायचं. त्याची पेरणी राहिली तर राहिली. यातलं ‘धरणे’ अगदी शब्दशः आहे, मनगट धरून ओढून नेणे. आणि जुन्या काळची गोष्ट म्हणून ती सोडूनही देता येत नाही. ठाणे जिल्ह्यात वारल्यांना जमीनदार-सावकारांकडे वेठ करावी लागे. लग्नासाठी कर्ज काढलं की नवरा-बायको दोघंही सावकाराकडे राबायला बांधली जायची. अशा माणसाला नाव होतं, ‘लग्नगडी’. हा शब्द जरा तोंडात घोळवून बघा. ‘लग्न’ आपला, ‘गडी’ही आपला, दोन्ही रोजच्या बोलण्यातले. जोडले की माणूस गहाण. १९४५ साली, किसान सभेचे गोदावरी आणि शामराव परुळेकर सोबतीला असताना, वारल्यांनी ठरवलं की यापुढे वेठ करायची नाही.

आता तो मथळा पुन्हा वाचा. वेठ मोडली गेली ती काम नाकारून. आणि आपण काम नाकारणाऱ्यावरच वेठीस धरल्याचा आरोप ठेवतो! शब्द मालकाच्या अंगावरून उतरला आणि मजुराच्या गळ्यात पडला. अर्थ बदलतात, मला मान्य आहे. पण इथे म्हणायचं असतं ‘ओलीस धरले’, तर तसं म्हणा की. खोळंबा केला म्हणा, हाल केले म्हणा, अडवून धरलं म्हणा. शब्दांना काय तोटा आहे? आपल्या संविधानाच्या अनुच्छेद २३ च्या इंग्रजी पाठात ‘बेगार’ हा शब्द आहे तसा आलाय. वेठबिगार बंद करणारा कायदा १९७६ चा. या सभागृहातल्या अर्ध्या लोकांचा जन्म त्याआधीचा असेल. इतक्या ताज्या जखमेचा शब्द आपण रेल्वे उशिरा सुटली की वापरतो.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं उरलीत म्हणे. मग मूळ विषय भराभर सांगतो.

‘जिंकणे’ घ्या. किल्ला जिंकला, मुलूख जिंकला. माणसं कर्म म्हणून आणली की अर्थच पालटतो. ‘तिने सगळ्यांना जिंकलं’ म्हणजे सगळ्यांची मनं जिंकली. म्हणून ‘प्रांत जिंकला’ असं इतिहासात वाचतो तेव्हा त्या प्रांतातली माणसं वाक्यात नसतात. त्यांचं काय झालं हे सांगायला दुसरं क्रियापद लागतं, आणि ते बहुतेक वेळा कुणी आणत नाही.

‘नमवणे’, ‘वाकवणे’, ‘झुकवणे’ ही प्रयोजक क्रियापदं. वाकतो हरलेला, वाकायला लावतो दुसरा. म्हणजे समोरच्याला कणा आहे हे क्रियापदच कबूल करतं. ‘मोडेन पण वाकणार नाही’ हे म्हणता येतं ते त्यामुळेच. ‘चिरडणे’मध्ये तेवढीही जागा नाही. तिथे समोरच्याकडून काही करवून घ्यायचंच नसतं.

‘मांडलिक’ राजालाच करता येतं, प्रजेला नाही. गादी राहते, सत्ता जाते. ३१ डिसेंबर १८०२ ला वसईच्या तहाने दुसऱ्या बाजीरावांनी इंग्रजांची तैनाती फौज पत्करली, तरी गादी १८१८ पर्यंत होती. ‘अंकित’चं तसं नाही. अंक म्हणजे खूण, ठसा. ज्याच्यावर दुसऱ्याचा ठसा उमटलाय तो अंकित, मग तो राजा असो की रयत.

‘जेर’ फारसी, म्हणजे खाली. बिबट्या जेरबंद झाला असं आपण वाचतो. जेरबंद हा मुळात घोड्याच्या साजातला पट्टा. पोटाखालच्या तंगापासून पुढच्या पायांमधून वर तोंडाकडे नेतात, म्हणजे घोड्याला मान उडवता येत नाही. घोडा पळू शकतो, ओझं वाहू शकतो, फक्त मान वर करू शकत नाही. ‘जेरीस आणणे’ लिहिताना हा पट्टा डोळ्यांपुढे ठेवा.

‘गुलाम’ अरबीत मुळात मुलगा, पोरगा. साठीतल्या माणसालाही ‘ए पोऱ्या’ म्हणून हाक जाते तेव्हा तो जुना अर्थच बोलत असतो. जोतीरावांनी १८७३ साली पुस्तकाला ‘गुलामगिरी’ हे नाव दिलं आणि अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्यांना ते अर्पण केलं. मऊ शब्द त्यांनी शोधला नाही.

दुसरी चिठ्ठी आली. ‘मुठीत ठेवणे’ आणि ‘कह्यात ठेवणे’ राहिलेच. ती राज्यांपेक्षा घरातच जास्त चालतात, सुनेबद्दल, नवऱ्याबद्दल, मुलांबद्दल. त्यावर बोलायचं असेल त्यांनी थांबा, मी खाली येतो.