‘ऑगस्टन’ म्हणजे सुवर्णयुग नव्हे

मंडळी, राजाच्या नावावरून विशेषण करणं आपल्याला नवीन नाही. कारभाराचा बट्ट्याबोळ झाला की आपण ‘तुघलकी’ म्हणतो, जुलूम झाला की ‘नादिरशाही’. आज मी बोलणार आहे ‘ऑगस्टन’ या विशेषणाबद्दल. साहित्याच्या वर्गात ‘ऑगस्टन एज’ म्हटलं की मुलं वहीत ‘सुवर्णयुग’ लिहून मोकळी होतात. मीही पूर्वी तसंच शिकवत असे. आता मला ते चुकीचं वाटतं.

‘ऑगस्टन’ आलं रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस याच्या नावावरून. गंमत अशी की हे नावच मुळात विशेषण होतं. यादवी युद्ध जिंकलेल्या ऑक्टेव्हियनला इ.स.पू. २७ च्या जानेवारीत रोमच्या सिनेटने एक नवी पदवी दिली. आधी ‘रोम्युलस’ हे नाव सुचलं होतं. पण रोम्युलस हा दंतकथेतला, रोम वसवणारा राजा, आणि रोमन लोकांना राजा या शब्दाचीच चीड. मग ‘ऑगस्टस’ ठरलं. तोवर हा शब्द देवळांना, पवित्र जागांना लावत. लॅटिनमध्ये ‘आउगेरे’ म्हणजे वाढवणं. भाषाशास्त्रज्ञ त्याचं नातं आपल्या ‘ओजस्’शी जोडतात. म्हणजे ऑगस्टसला मराठीत जवळचा शब्द शोधायचा तर तो ‘ओजस्वी’! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसून राहिलो होतो. ग्रीकांनी या पदवीचं भाषांतर ‘सेबास्तोस’ केलं. गोव्यात घरोघरी ऐकू येणारं सेबास्तियन हे नाव त्याच शब्दातून आलंय. पुढे इ.स.पू. ८ मध्ये सेक्स्टिलिस महिन्याला सम्राटाचं नाव मिळालं, आणि आपण पंधरा ऑगस्ट म्हणतो तेव्हा तोच शब्द उच्चारतो.

विशेषणाची पदवी झाली, पदवीचं नाव झालं आणि नावातून पुन्हा विशेषण निघालं. ‘ऑगस्टन’ कवी म्हणजे ऑगस्टसच्या काळातले रोमन कवी व्हर्जिल, होरेस. रेखीव, तोलून मापून लिहिणारे. त्यांना आश्रय मिसेनसचा आणि मिसेनस सम्राटाच्या खास गोटातला. कविता उत्तम होती, यात शंका नाही. पण ती सत्तेच्या सावलीत वाढली, आणि ‘सुवर्णयुग’ म्हटलं की नेमकी ती सावली पुसली जाते.

इंग्लंडमध्ये अठराव्या शतकातल्या लेखकांनी हे विशेषण स्वतःच्या काळाला लावून घेतलं. गोल्डस्मिथने १७५९ मध्ये इंग्लंडच्या ऑगस्टन युगावर निबंधच लिहिला. पण त्याच्या आधी, १७३७ मध्ये, इंग्रज कवी अलेक्झांडर पोपने होरेसच्या ऑगस्टसला लिहिलेल्या काव्यपत्राच्या धर्तीवर दुसऱ्या जॉर्ज राजाला उद्देशून कविता लिहिली होती. राजाचं पूर्ण नाव जॉर्ज ऑगस्टस. वरवर पाहिलं तर स्तुती. पण वाचत गेलं की कळतं, नावाने ऑगस्टस असलेल्या या राजाला कवितेची काडीचीही कदर नाही. तेव्हा इंग्रजी पुस्तकात ‘ऑगस्टन’ दिसलं की आधी पाहावं, बोलणारा गौरव करतोय की टोचतोय. भाषांतरात मी रोमसाठी ‘ऑगस्टसकालीन’ लिहितो आणि इंग्रजी साहित्यासाठी ‘ऑगस्टन’ तसंच ठेवतो.

एकदा वर्गात एका मुलीने विचारलं, “सर, ओव्हिड पण ऑगस्टनच का?” हो, वाङ्मयाच्या इतिहासात हा रोमन कवीही त्याच रांगेत बसतो. इ.स. ८ मध्ये सम्राटाने त्याला काळ्या समुद्राकाठी तोमिसला हद्दपार केलं. आज तिथे रोमानियाचं कोन्स्तांत्सा शहर आहे. कारणं दोन, एक कविता आणि एक चूक, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. चूक कोणती, ते मात्र सांगितलं नाही. तिथून तो रोमला पत्रं लिहीत राहिला, कवितेतच. ऑगस्टस इ.स. १४ मध्ये गेला, तरी त्याला परत बोलावणं आलं नाही. तो तिथेच वारला.

त्या मुलीने वहीतलं ‘सुवर्णयुग’ खोडलं. त्या जागी काय लिहायचं, यावर आमचा उरलेला तास गेला.