प्रागचा पहिला कॅमेरावाला

श्रोतेहो, नमस्कार.

आज यान क्रिझेनेत्स्की या माणसाबद्दल बोलायचं आहे. चेक सिनेमाची सुरुवात त्याच्यापासून होते, पण सिनेमा हा त्याचा पोटापाण्याचा उद्योग कधीच नव्हता. 1868 साली जन्मलेला हा गृहस्थ वास्तुशास्त्र शिकला. प्राग महापालिकेच्या बांधकाम खात्यात तो नोकरीला होता आणि त्याला फोटोग्राफीचा नाद होता.

1898 साली त्याने आणि त्याच्या एका मित्राने सिनेमाचे आद्य प्रवर्तक असलेल्या फ्रान्सच्या ल्युमिए बंधूंचं 'सिनेमॅटोग्राफ' हे यंत्र विकत घेतलं. चित्रण करणं, प्रत काढणं आणि पडद्यावर दाखवणं, सगळं त्या एकाच पेटीत व्हायचं. एक रीळ साधारण 17 मीटरचं, म्हणजे मिनिटभराचंही नाही. प्राग तेव्हा ऑस्ट्रियाच्या सम्राटाच्या अमलाखाली होतं. त्या वर्षी तिथे भरलेल्या वास्तुकला आणि अभियांत्रिकीच्या प्रदर्शनात या दोघांनी 'चेक सिनेमॅटोग्राफ' नावाचा मंडप उभारला.

नदीवरचे पोहणारे, धावत निघालेले बंबवाले असं रोजचं शहर त्याने टिपलं. पण मला त्याचं मोठेपण दिसतं ते पुढच्या पावलात. योसेफ श्वाब-मालोस्त्रान्स्की या लोकप्रिय विनोदी गायकाला त्याने कॅमेऱ्यापुढे उभं केलं आणि छोटे छोटे प्रसंग रचले. एकात सॉसेज विकणारा आणि जाहिराती चिकटवणारा यांची जुंपते. दुसऱ्याचं नाव 'हसणं आणि रडणं'. त्यात गोष्ट नाही, फक्त श्वाबचा चेहरा आहे. तो खदाखदा हसतो आणि रडतोही. प्रेक्षकाला बांधून ठेवायला माणसाचा नुसता चेहरा पुरतो, हे 1898 साली ओळखणं मला फार मोलाचं वाटतं.

पुढे 1901 मध्ये सम्राट फ्रान्झ जोसेफच्या हस्ते व्ल्टावा नदीवरच्या नव्या पुलाचं उद्घाटन झालं, तेही त्याने चित्रित केलं. आणखी काही वर्षांनी मात्र त्याचं चित्रीकरण थांबलं. 1921 मध्ये तो गेला.

त्याच्या फिल्म प्रागच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जपल्या आणि 2019 मध्ये डिजिटल रूपात लोकांपुढे आणल्या. त्यांवरचे ओरखडे, डाग मुद्दाम पुसले नाहीत. हा निर्णय मला मनापासून पटतो. या फिल्मनी सव्वाशे वर्षं काढली आहेत, ती दिसायलाच हवीत.

संधी मिळाली तर 'हसणं आणि रडणं' आधी पाहा. मिनिटभरच लागेल.

नमस्कार.