कटॉबांच्या मातीतला इतिहास

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेच्या साउथ कॅरोलिना राज्यात, रॉक हिल शहराजवळ, कटॉबा नदीच्या काठी कटॉबा ही अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची जमात राहते. 1759 साली देवीच्या साथीने त्यांची गावं ओस पडली. 1840 च्या करारात उरलीसुरली 1 लाख 44 हजार एकर जमीनही हातची गेली. तरी एक गोष्ट बायकांनी सोडली नाही, ती म्हणजे मडकी घडवणं.

इथे चाक नसतं. नदीकाठची माती मळायची, तिच्या वळ्या एकीवर एक रचायच्या, भांडं खरवडून सारखं करायचं आणि सुकत आलं की गुळगुळीत गोट्याने घोटत बसायचं. हे गोटे आईकडून लेकीकडे येतात, काही तर पिढ्यान्‌पिढ्या वापरून झिजलेले. लुकण, म्हणजे काचेसारखा चकचकीत लेप, लावतच नाहीत, चकाकी येते ती घोटण्यानेच. मग उघड्या आगीत भाजताना धूर आणि ज्वाळा भांड्यावर काळे-तपकिरी ढग उमटवतात.

नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या पुरातत्त्वज्ञांनी जमातीच्या जुन्या गावांच्या जागा खणल्या, तेव्हा खापरांनी मोठी गोष्ट सांगितली. साथीआधीची भांडी जाड, खरबरीत. नंतरची पातळ, घोटलेली, इंग्रजी वाडग्या-ताटल्यांच्या घडणीची. संकटातून वाचलेल्या बायकांनी गोऱ्या वसाहतवाल्यांचं गिऱ्हाईक ओळखलं आणि नवी घडण बसवली. परंपरा म्हणजे न बदलणारी वस्तू, असं मानणाऱ्यांनी ही खापरं जरूर पाहावीत. मला तर या बायकांच्या हिमतीपुढे मान लववावीशी वाटते.

पण खापरं कपाटात जपून कला टिकत नाही. 1989 पासून जमातीचा स्वतःचा संस्कृती-जतन प्रकल्प सुरू आहे. तिथे जाणत्या कुंभारणी नव्यांना शिकवतात, मुलं मातीत हात घालतात. भाषा घरात बोलणारं कुणी उरलं नव्हतं. जुन्या नोंदींच्या आधारे तीही पुन्हा शिकवली जाते. जॉर्जिया हॅरिस या कुंभारणीला 1997 साली राष्ट्रीय वारसा सन्मान मिळाला, मरणोत्तर.

1962 मध्ये केंद्र सरकारने जमातीची मान्यता काढून घेतली होती, ती 1993 साली परत मिळाली. आज जमातीचं वारसा-जतन कार्यालय आहे. केंद्राचा पैसा वा परवाना लागणाऱ्या बांधकामात जुन्या जागांना धक्का लागणार असेल, तर त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. खाजगी घरबांधणीला मात्र ही अट सहसा लागू होत नाही, आणि शेजारच्या नॉर्थ कॅरोलिनातलं शार्लट हे मोठं शहर याच खोऱ्यात झपाट्याने पसरतं आहे.