कडी कोणी काढली?

(दृश्य: घोडबंदर रस्ता, पावसाळी संध्याकाळ. वाहनांची रांग, मागे उंच इमारती.)

निवेदन :

ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगतच्या एका गृहसंकुलाच्या सभागृहात ‘द शायनिंग’ हा चित्रपट दाखवण्यात आला. तो संपून दिवे लागले, तेव्हा भीती वाटली की नाही याबद्दल कोणी फारसे बोलले नाही. चित्रपटात जॅकला कोंडलेल्या कोठीघराची कडी बाहेरून कोणी काढली, यावरच वाद सुरू झाला आणि तो बराच वेळ चालला.

चित्रपट जुना आहे. स्टीफन किंग यांच्या १९७७ सालच्या कादंबरीवरून स्टॅन्ली क्युब्रिक यांनी तो तयार केला आणि १९८० च्या मे महिन्यात तो अमेरिकेत प्रदर्शित झाला. कोलोरॅडोच्या डोंगरात ‘ओव्हरलुक’ नावाचे एक हॉटेल आहे आणि बर्फामुळे ते हिवाळाभर बंद असते. त्याची राखण करण्याची नोकरी पत्करून जॅक टॉरन्स हा होतकरू लेखक बायको वेंडी आणि लहानगा डॅनी यांना घेऊन तिथे राहायला येतो आणि शेवटी कुऱ्हाड घेऊन त्यांच्याच जिवावर उठतो, एवढे कथानक सांगितले तरी पुरे.

आपल्याकडचा प्रेक्षक भुताच्या गोष्टीला कोऱ्या मनाने सामोरा जात नाही. कोकणातून येऊन ठाण्यात स्थिरावलेल्या घरांमधून मुंजा, समंध, हडळ, खवीस, देवचार ही मंडळी आजीच्या तोंडून ऐकलेली असतात. त्यांतल्या प्रत्येकाची जागा ठरलेली, स्वभाव ठरलेला आणि मागणेही ठरलेले. झपाटलेल्या माणसाला समोर बसवून ‘तू कोण, कुठला आणि तुला काय पाहिजे’ असे विचारायचे, ही रीत असते. चर्चेत एका निवृत्त शिक्षिकेने नेमका हाच आक्षेप घेतला. हॉटेलातली भुते आपले मागणेच सांगत नाहीत, मग उतारा कशाचा टाकायचा, असे त्यांनी विचारले आणि सभागृहात हशा पिकला.

हा आक्षेप वाटतो तितका भाबडा नाही. चित्रपट कारणे देतो, पण एकाही कारणाच्या मागे शेवटपर्यंत जात नाही. हॉटेल अमेरिकेच्या मूळ रहिवाशांच्या दफनभूमीवर उभे आहे, असे व्यवस्थापक सहज बोलून जातो. ही माहिती कादंबरीत नाही, आणि चित्रपटातही तिचा पुढे उलगडा होत नाही. ग्रेडी नावाच्या आधीच्या रखवालदाराने १९७० च्या हिवाळ्यात बायको आणि दोन मुलींना ठार मारले, हे दुसरे कारण. परंतु सुरुवातीला त्याचे नाव चार्ल्स सांगितले जाते आणि नंतर जॅकला भेटणारा ग्रेडी स्वतःला डेल्बर्ट म्हणवतो. मुलींची वये आठ आणि दहाच्या आसपास सांगितली जातात, पण पडद्यावर दिसतात त्या जुळ्या बहिणी. कादंबरीत हॉटेलला काय हवे हे स्पष्ट आहे, कारण डॅनीजवळ जी अलौकिक शक्ती आहे तिच्यावर त्याचा डोळा असतो. चित्रपटात ही गोष्ट इतकी पुसट झाली आहे की ती सुटून जाणाऱ्या प्रेक्षकाला दोष देता येत नाही.

(दृश्य: कोठीघराच्या दाराचे रेखाचित्र, बाहेरच्या बाजूला जाड कडी.)

आता त्या कडीकडे येऊ. वेंडीने बॅटच्या फटक्याने बेशुद्ध केलेल्या जॅकला ओढत कोठीघरात नेले आहे आणि बाहेरून दार बंद केले आहे. आत डबे, पोती आणि तो एकटा. दारापलीकडून ग्रेडीचा आवाज येतो, जॅक त्याला शब्द देतो आणि कडी सरकल्याचा आवाज ऐकू येतो. कॅमेरा आतच राहतो, त्यामुळे बाहेर कोण आहे ते आपल्याला दिसत नाही. त्याआधीचे बहुतेक सर्व प्रकार मनाचे खेळ म्हणून समजावून सांगता येतात. जॅकला जिथे जिथे भुते भेटतात तिथे जवळपास आरसा असतो, हे निरीक्षण या चित्रपटाचे चाहते अनेक वर्षांपासून मांडत आले आहेत, आणि आपल्या सभागृहातही एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याने ते हिरिरीने मांडले. मात्र आरशातले भूत लोखंडी कडी कशी सरकवणार, या प्रश्नाला त्याच्याजवळ उत्तर नव्हते. आई थकून झोपलेली असताना डॅनीनेच उठून दार उघडले असावे, अशी एक शक्यता पुढे आली. ती चतुर आहे, पण चित्रपटात तिला आधार सापडत नाही. क्युब्रिक यांनी स्वतः समीक्षक मिशेल सिमाँ यांना दिलेल्या मुलाखतीत या प्रसंगाविषयी सांगितले होते की, ही कडी सरकते तेव्हाच अतींद्रिय शक्तीखेरीज दुसरे स्पष्टीकरण उरत नाही. म्हणजे प्रेक्षकाला तोवर दोन्ही डगरींवर पाय ठेवू द्यायचे, ही दिग्दर्शकाची योजनाच होती.

जॅकची भूमिका करणाऱ्या जॅक निकल्सन यांच्या अभिनयाबाबत मात्र सभागृह सरळ दुभंगले. हा माणूस नोकरीच्या पहिल्याच मुलाखतीपासून बिघडलेला दिसतो, मग हॉटेलने केले तरी काय, असे अनेकांचे म्हणणे पडले. खुद्द किंग यांचीही तक्रार याच जातीची आहे. त्यांच्या कादंबरीत दारूच्या व्यसनाशी झगडणारा, कुटुंबावर प्रेम असलेला बाप हळूहळू ढासळत जातो. चित्रपटाला त्यांनी इंजिन नसलेल्या देखण्या मोटारीची उपमा दिली होती आणि १९९७ मध्ये स्वतःच्या पटकथेवरून दूरचित्रवाणीसाठी ही कथा पुन्हा चित्रित करून घेतली. आमचे मत विचाराल तर किंग यांची तक्रार रास्त आहे आणि तरीही चित्रपट तिच्यामुळे कमी भयंकर ठरत नाही. चांगला माणूस बिघडतो याची भीती एक, आणि आपण ज्याच्यासोबत राहतो तो मुळातच असा होता, ही भीती दुसरी.

वेंडीच्या भूमिकेतील शेली डुव्हाल यांची बाजू सभागृहातील स्त्रियांनी घेतली. ती रडते, किंचाळते, हात थरथरत असताना कसाबसा सुरा धरते, आणि त्या अवस्थेतही मुलाला खिडकीतून बाहेर काढते, हे त्यांनी आवर्जून नोंदवले. वाईट चित्रपटांना खिजवणाऱ्या ‘रॅझी’ पुरस्काराच्या पहिल्याच वर्षी डुव्हाल आणि क्युब्रिक या दोघांनाही नामांकन मिळाले होते. डुव्हाल यांचे नामांकन अखेर २०२२ मध्ये मागे घेण्यात आले. या निर्णयाला चार दशके लागली, यातच त्या काळच्या समजुतीचे मोजमाप आहे.

मतभेदाचे एक कारण अगदीच व्यावहारिक आहे. अमेरिकेतील आवृत्ती सुमारे १४४ मिनिटांची आणि युरोपसाठी कापलेली ११९ मिनिटांची आहे. डॉक्टर डॅनीला तपासायला येते आणि जॅकने पूर्वी दारूच्या नशेत मुलाचा खांदा निखळवला होता हे वेंडी तिला ओशाळून सांगते, तो प्रसंग छोट्या आवृत्तीत नाही. तो पाहिलेला प्रेक्षक जॅककडे सुरुवातीपासूनच संशयाने पाहतो. त्यामुळे वाद घालण्यापूर्वी कोणी कोणती आवृत्ती पाहिली आहे, हे विचारून घेतलेले बरे.

(दृश्य: गृहसंकुलाच्या मजल्यावरील लांब मार्गिका, दोन्ही बाजूंना एकसारखी बंद दारे, टोकाला लिफ्ट.)

भय नेमके कुठे वाटले, या प्रश्नाचे उत्तर ठाण्यातच मिळू शकले असते, असे आम्हाला वाटते. चाळीत वाढलेल्या एका गृहस्थांनी सांगितले की, त्यांना हॉटेलच्या लिफ्टमधून उसळणाऱ्या रक्ताच्या लोंढ्यापेक्षा तिथली लांब मार्गिका भिववते. चाळीच्या गॅलरीत दारे दिवसभर उघडी असत आणि कोण कुणाकडे आले ते सर्वांना दिसे. आता राहतात त्या इमारतीत मात्र लिफ्टमधून बाहेर पडल्यावर फक्त बंद दारे दिसतात. डॅनी तीनचाकी सायकलवरून अशाच मार्गिकांमधून फिरतो. गॅरेट ब्राउन यांनी विकसित केलेला स्टेडीकॅम, म्हणजे चालतानाही कॅमेरा स्थिर ठेवणारे उपकरण, जमिनीलगत ठेवून त्याच्या मागोमाग नेला आहे, आणि चाके गालिच्यावरून लाकडी जमिनीवर आली की होणारा खडखडाट दर वेळी नव्याने दचकवतो. बाहेरून दिसणारे हॉटेल म्हणजे ओरेगॉनमधील टिंबरलाइन लॉज. आतले बहुतेक सगळे मात्र लंडनजवळच्या एल्स्ट्री स्टुडिओत उभारलेले होते. काही खिडक्या आणि वळणे नकाशात बसत नाहीत, आणि त्यावरून चाहत्यांनी चंद्रावरच्या उड्डाणाचे चित्रण क्युब्रिक यांनीच बनावट केले, इथपर्यंत पोहोचणारे तर्क लढवले आहेत. त्या तर्कांत आम्ही शिरत नाही.

शेवटच्या छायाचित्राने मात्र सगळे पुन्हा बोलते झाले. ४ जुलै १९२१ च्या मेजवानीच्या त्या चित्रात जॅक पुढच्या रांगेत हसत उभा आहे. नोकरीसाठी आलेला माणूस अर्ध्या शतकापूर्वीच्या छायाचित्रात कसा, यावर तरुण मंडळींनी हॉटेल माणसांना गिळते, काळ गोल फिरतो, असे नाना अर्थ लावले. शिक्षिका बाईंनी ‘पुनर्जन्म’ असे एका शब्दात उत्तर दिले. हे फारच सोपे झाले, अशी कुरबुर मागच्या रांगेतून उमटली. पण सिमाँ यांना दिलेल्या त्याच मुलाखतीत क्युब्रिक यांनीही हे छायाचित्र जॅकचा पुनर्जन्म सुचवते, असेच म्हटले आहे. आम्ही ते वाचून दाखवल्यावर बाई प्रसन्न झाल्या. महाविद्यालयीन विद्यार्थ्याला मात्र दिग्दर्शकाचे हे स्पष्टीकरण अजिबात मान्य नव्हते.