काडीवरचा चंद्र

दुपारचे चार वाजलेत, शाळा सुटायला अजून वेळ आहे आणि ही सगळी मुलं मैदानात येऊन वर बोटं दाखवतायत, कारण वर चंद्र आहे. हो, भर दुपारी. निळ्या आकाशात फिकट पांढरा, ढगाचा तुकडा वाटावा असा. यातल्या कितीतरी मुलांनी दिवसा चंद्र आज पहिल्यांदा पाहिला, तो रोज डोक्यावरून जात होता, फक्त वर बघायला कुणी सांगितलं नव्हतं.

आज शुद्ध अष्टमी. अष्टमीचा चंद्र दुपारी बाराच्या आसपास उगवतो आणि मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो. मग रोज साधारण पन्नास मिनिटं उशीर करत करत पौर्णिमेला तो बरोबर सूर्य मावळताना उगवतो. घरी संकष्टीला चंद्रोदयाची वेळ कॅलेंडरमध्ये बघतात ना, ती दर महिन्याला रात्रीचीच का असते ते आता कळलं असेल, कारण वद्य चतुर्थीपर्यंत हा उशीर चांगलाच साठलेला असतो.

आता हा चेंडू बघा. थर्माकोलचा छोटा गोळा आणि त्यात खोचलेली खराट्याची काडी, बस, एवढंच सामान. काडी हातात धरायची, हात सरळ करायचा, एक डोळा मिटायचा आणि गोळा आकाशातल्या चंद्राच्या अगदी शेजारी आणायचा. ऊन गोळ्यावर पडलं पाहिजे, सावलीत उभं राहून हे होत नाही. आता नीट बघा, कॅमेरा जवळ नेलाय. गोळ्याचा उजवा अर्धा भाग उन्हात, डावा सावलीत. आणि शेजारी चंद्र? तोही उजवीकडून अर्धा. तसाच! "बाई, माझा पण अर्धाच झाला!" हे ओरडणं आम्ही एडिटिंगमध्ये कापलं नाही.

म्हणजे जो सूर्य हातातल्या गोळ्यावर आहे तोच तिकडे चंद्रावर आहे. चंद्राला स्वतःचा उजेड नाही, सूर्याकडची त्याची अर्धी बाजू कायम उजळलेली असते आणि त्यातली आपल्याला किती दिसते एवढाच कलांचा प्रश्न. पृथ्वीची सावली पडते म्हणून चंद्र कमी होतो असं बरीच मोठी माणसंसुद्धा सांगतात, पण तसं नाहीये. हा मुलगा काडी धरून हळूहळू सूर्याकडे वळतोय, बघा कोर बारीक होत चाललीय. आता उलटा फिरला, पाठ सूर्याकडे, गोळा जवळजवळ पूर्ण उजळला, ही पौर्णिमा. आणि हात थोडा खाली आला तशी त्याच्याच डोक्याची, म्हणजे इथल्या पृथ्वीची, सावली गोळ्यावर पडली. हे चंद्रग्रहण. सावलीचा संबंध फक्त इथे येतो.

आता अंतर. बास्केटबॉल म्हणजे पृथ्वी धरली तर टेनिसचा बॉल म्हणजे चंद्र. कुठे ठेवायचा? सगळ्यांनी हातभर अंतरावर ठेवला, पुस्तकातल्या चित्रात तेवढाच असतो. टेप लावली तेव्हा बॉल पार व्हरांड्याच्या टोकाला गेला, सव्वासात मीटर! खरं अंतर सरासरी ३,८४,४०० किलोमीटर, उजेडालाही तिथून इथे यायला सव्वा सेकंद लागतो.

सात वाजले. मैदानावरचा दिवा बंद केला, दुर्बीण लावली, रांग लागली. चंद्र सारखा दुर्बिणीतून निसटतोय, कारण पृथ्वी फिरतेय, आपण फिरतोय, स्वतःच्या रुंदीएवढं सरकायला त्याला फक्त दोन मिनिटं लागतात. म्हणून दर दोन मुलांमागे बाई पुन्हा नेम धरतायत.

थोडा वेळ नुसतं बघा.

ही उजेड-अंधाराची रेघ. इथे सूर्य नुकताच उगवतोय, म्हणून सावल्या लांब आणि खड्डे खोल दिसतात. हा मोठा गोल खड्डा म्हणजे टॉलेमियस, रुंदी दीडशे किलोमीटरच्या वर. पौर्णिमेला हे काही दिसत नाही, ऊन समोरून पडतं, सावल्याच नसतात, त्यामुळे दुर्बीण लावायची तर अष्टमीलाच लावावी. हे काळे डाग म्हणजे आज्जीचा अर्धा ससा, तीनशे कोटी वर्षांपेक्षाही जुना, थिजलेला लाव्हा. त्यातल्याच एका डागावर २० जुलै १९६९ ला आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन उतरले. झेंडा दिसतो का? नाही, पृथ्वीवरच्या सगळ्यात मोठ्या दुर्बिणीतूनही नाही.

आणि दक्षिण टोकाकडे, आपल्या दुर्बिणीत उलटं दिसतं म्हणून वर, तिथे चांद्रयान-३ मधून उतरलेलं आपलं विक्रम आहे. २३ ऑगस्ट २०२३. त्या संध्याकाळीही आकाशात जवळपास असाच अर्धा चंद्र होता, कारण विक्रमला तिथे सकाळ होताना उतरायचं होतं, पुढचे चौदा दिवस ऊन मिळावं म्हणून. सव्वीस किलोचा प्रज्ञान रोव्हर त्या उन्हावरच चालला.



साडेआठ वाजले. ही रांगेतली शेवटची मुलगी, अजून डोळा काढत नाहीये. तिने विचारलं, उद्या पण असाच दिसेल का? उद्या याच वेळेला तो थोडा पूर्वेकडे असेल, आणि आत्ता अंधारात असलेली खड्ड्यांची पुढची रांग उजेडात आलेली असेल.