पांढरा डाग, पिवळा डाग

धाराशिव जिल्ह्यातील एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आतल्या खोलीत सिस्टर भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत उभ्या आहेत. टेबलावरच्या पस्तिशीच्या स्त्रीच्या गर्भपिशवीच्या तोंडाला त्यांनी पाच टक्के अ‍ॅसिटिक आम्लात भिजवलेला बोळा आत्ताच लावला आहे, आणि सेकंदकाटा पुरा एक फेरा मारेपर्यंत त्यांना काहीही ठरवायचे नाही. बदललेल्या पेशींमधील प्रथिने या आम्लाने तात्पुरती गोठतात आणि तेवढा भाग पांढरा दिसू लागतो. मात्र घाईने पाहिले तर तो उमटण्याआधीच नजर वळते.

गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर आणि त्याआधीचे बदल शोधणाऱ्या या तपासणीला व्हीआयए, म्हणजे आम्ल लावून डोळ्यांनी पाहणे, म्हणतात. तिला प्रयोगशाळा लागत नाही, चांगला उजेड लागतो, आणि उत्तर जागेवर मिळते. परंतु सूज असली तरी फिकट पांढरेपणा येतो, म्हणून डाग दाट आहे का, त्याची कड स्पष्ट आहे का आणि तो दोन प्रकारच्या पेशींच्या सीमेला चिकटून आहे का, हे ओळखायला सराव लागतो. पन्नाशीनंतर ही सीमा आत सरकते, मग साध्या डोळ्यांना ती दिसतच नाही.

दुसऱ्या पद्धतीत ल्युगॉल आयोडीन लावतात. निरोगी पेशींतील ग्लायकोजेन आयोडीन शोषून गडद तपकिरी होते आणि बिघडलेला भाग करडईच्या फुलासारखा पिवळा राहतो. हा फरक लगेच दिसतो आणि नवख्या नजरेलाही सोपा जातो, त्यामुळे आम्लानंतर आयोडीन लावून खात्री करणे मला शहाणपणाचे वाटते. फक्त आयोडीनची अ‍ॅलर्जी आधी विचारायलाच हवी. हान्स हिन्सेलमान यांनी 1925 साली जर्मनीत मांडलेली कोल्पोस्कोपी हाच भाग मोठा करून दाखवते आणि तपासायला पाठवायचा तुकडा नेमका कोठून घ्यावा हे सांगते, पण तिला यंत्र आणि प्रशिक्षित डॉक्टर दोन्ही लागतात.

या पद्धतींची मोठी कसोटी याच जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, लागली. 1999 मध्ये सुरू झालेल्या अभ्यासात 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रिया होत्या, आणि गावांचे गट पाडून एचपीव्ही चाचणी (हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूचा शोध), पॅप स्मिअर (पेशी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे), व्हीआयए आणि नेहमीची सेवा यांची तुलना झाली. 2009 मध्ये निष्कर्ष छापून आले: एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीच्या गटात या कॅन्सरने 34 मृत्यू झाले, तर नेहमीच्या सेवेच्या गटात 64. व्हीआयएच्या गटात मात्र मृत्यूंत लक्षणीय घट दिसली नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दर दोन वर्षांनी हीच व्हीआयए केल्यावर मृत्यू 31 टक्क्यांनी घटले होते. एकदा पाहून सोडून देणे आणि पुन्हा पुन्हा पाहणे यांत एवढे अंतर आहे.

डाग दिसला म्हणजे कॅन्सर झाला, असे नव्हे, आणि हे बाईला बोळा लावण्याआधीच सांगायला हवे. 2019 साली बीडकडच्या ऊसतोड महिलांच्या पिशव्या काढल्याचे प्रकरण गाजले, तेव्हा अंगावरून पांढरे जाते एवढ्या तक्रारीवर कॅन्सरची भीती घातल्याचे अनेकींनी सांगितले. ते ऐकून अजूनही मन विदीर्ण होते.

एचपीव्हीचा नमुना स्त्रीला स्वतःही घेता येतो, पण अहवालाला दिवस लागतात, आणि दसऱ्यानंतर कोयता घेऊन कारखान्याकडे गेलेल्या बाईला तो गाठत नाही. म्हणून हे नमुने पावसाळ्यात, टोळ्या गावात असताना, घ्यावेत. ज्यांचा अहवाल पॉझिटिव्ह येईल त्यांना गाड्या सुटण्यापूर्वी केंद्रात बोलवावे, अ‍ॅसिटिक आम्ल लावून मिनिटभर थांबून पाहावे, आणि गरज असेल व योग्य असेल तर त्याच दिवशी थर्मल उपचार, म्हणजे बिघडलेला भाग उष्णतेने नष्ट करणे, करावा.